काटकसर कोणाच्या ताटातून?

महिन्याची वीस तारीख उलटली, घरखर्चाची वही उघडली आणि बेरीज मनासारखी जमली नाही, की कात्री पहिल्यांदा कुठे लागते? मुलांचे दूध, नवऱ्याचा डबा, सासऱ्यांची फळे यांना सहसा कोणी हात लावत नाही. गृहिणी गुपचूप स्वतःचा दुपारचा चहा बंद करते, वरणातले वरवरचे पाणी स्वतःला वाढून घेते आणि आठवड्यातून एकदा अंडी केलीच, तर ‘मला आज नकोच’ म्हणते. वहीत शिल्लक दिसते. ती कोठून आली, हे मात्र वहीत लिहिलेले नसते.

ते रक्ताच्या तपासणीत दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४, तर पश्चिम बंगालमध्ये ७१ होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात, पण रोजच्या जेवणात लोह आणि प्रथिने कमी पडणे हे त्यातले मोठे कारण आहे.

म्हणूनच पैसे वाचवण्याच्या युक्त्या सांगताना एक कसोटी लावायला हवी. ही बचत इंधनातून, वाया जाणाऱ्या जिनसांतून, विजेच्या मीटरमधून होते आहे, की घरातल्या कोणाच्या ताटातून? ही कसोटी हातात घेऊन आम्ही या वेळी कोलकात्याच्या स्वयंपाकघरात डोकावलो. दुष्काळ, रेशन आणि लोडशेडिंग या तिन्ही गोष्टी सोसलेले हे शहर. हाजरा रोडवरच्या ‘महाराष्ट्र निवास’मध्ये गणपतीला जमणाऱ्या मराठी बायकांनीही तिथल्या शेजारणींकडून बरेच काही उचलले आहे. दोन्ही प्रकारची काटकसर, चांगली आणि वाईट, इथे जवळून पाहायला मिळते.

भाताच्या पातेल्यातच भाजी

बंगाली घरात ‘भाते’ नावाचा एक प्रकार असतो. ‘आलू भाते’, ‘कुमडो भाते’, म्हणजे भात शिजत असताना त्याच पातेल्यात टाकून शिजवलेला बटाटा किंवा लाल भोपळा. कार्ले, कच्ची पपई, भेंडी, काहीही चालते. मसूर डाळ स्वच्छ फडक्यात सैल पुरचुंडी बांधून त्याच पाण्यात सोडतात. नीट धुतलेली अंडीही त्यातच उकडतात. भात झाला की हे सगळे बाहेर काढायचे, प्रत्येक जिन्नस वेगळा कुस्करायचा, वर कच्चे मोहरीचे तेल, मीठ, हिरवी मिरची आणि बारीक चिरलेला कांदा. एका आचेवर भात, डाळ आणि दोन भाज्या तयार. फोडणी नाही, तेल जेमतेम दोन चमचे आणि घासायला भांडे एकच!

बंगाली घरांत उकडा तांदूळ पुष्कळ खातात आणि तो शिजायला वेळ लागतो. आच तर जळणारच आहे, मग तिच्यावर आणखी काही का शिजवू नये, असा यामागचा साधा हिशोब आहे. आपल्याकडे मोहरीच्या तेलाचा उग्र वास सगळ्यांना आवडत नाही. त्याऐवजी शेंगदाण्याचे तेल आणि लसणीचे तिखट घालून पाहावे. आमच्या मते भोपळ्याला तर तेच अधिक शोभते.

एक गोष्ट मात्र बंगाली पद्धतीची असली तरी उचलू नये. तिथे भात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढतात. जास्त पाणी उकळायला जास्त गॅस लागतो आणि ती पेज मोरीत ओतली तर तांदळातले काही सत्त्वही तिच्याबरोबर जाते. भात वेळून काढायचाच असेल, तर पेज मीठ-जिरे घालून प्यावी, आमटीत घालावी किंवा निदान सुती साड्यांना खळ म्हणून वापरावी. कोलकात्यात तांताच्या साड्यांना वर्षानुवर्षे याच पेजेची खळ मिळत आली आहे.

एका डॉक्टरांचा कुकर

एका आचेवर सगळे शिजवण्याच्या या कल्पनेचे यंत्र करून टाकणारा माणूसही कोलकात्याचाच. डॉ. इंदुमाधव मल्लिक हे तत्त्वज्ञान शिकलेले, वकिली शिकलेले आणि शेवटी वैद्यक शिकून डॉक्टर झालेले गृहस्थ. १९१० साली त्यांनी ‘इकमिक कुकर’ तयार केला. उभा नळकांड्यासारखा डबा, तळाशी कोळशाची छोटी शेगडी आणि आत जेवणाच्या डब्यासारखे एकावर एक बसणारे कप्पे. एकात डाळ, एकात तांदूळ, एकात भाजी किंवा मटण. मूठभर कोळसे पेटवून झाकण लावायचे आणि कामाला निघून जायचे. दोन-तीन तासांनी परत यावे तो गरम जेवण हजर. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात एकावर एक मडकी रचून महाप्रसाद शिजतो. त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली असे सांगतात. ‘हायजिनिक’ आणि ‘इकॉनॉमिक’ या दोन शब्दांची शेपटे जोडून त्याचे नाव ठेवले होते.

मेसमध्ये राहणारे कारकून, विद्यार्थी, दूरचा प्रवास करणारे यांच्यात तो फार चालला. पुढे प्रेशर कुकर आला आणि इकमिक माळ्यावर गेला. पण आपण मराठी बायका रोज सकाळी ‘कुकर लावते’ म्हणतो आणि खाली डाळ, वर भात, त्यावर बटाटे असे तीन डबे रचतो, तेव्हा इंदुमाधवबाबूंचीच युक्ती वापरत असतो.

हे डबे रचण्याने खरेच किती वाचते? पेट्रोलियम कंझर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही संस्था १९७८ पासून इंधन बचतीचे काम करते. तिच्या चाचण्यांनुसार साध्या पातेल्याच्या तुलनेत प्रेशर कुकरमध्ये भाताला २० टक्के, भिजवलेल्या हरभरा डाळीला ४६ टक्के आणि मटणाला सुमारे ४१ टक्के इंधन कमी लागते. मोठ्या बर्नरपेक्षा लहान बर्नर ६ ते १० टक्के गॅस कमी घेतो. रात्री भिजवलेले काबुली चणे न भिजवलेल्या चण्यांपेक्षा २२ टक्के कमी इंधनात शिजतात. तांदूळ अर्धा तास आणि डाळ तासभर आधी भिजत घालायला काहीच खर्च नाही, फक्त आठवण हवी. रात्री कट्टा पुसतानाच उद्याचे कडधान्य भिजत घालायची सवय लावली की झाले.

शिट्ट्या मोजण्याच्या सवयीबद्दलही बोलायला हवे. पहिली शिट्टी झाली की कुकरमध्ये हवा तेवढा दाब तयार झालेला असतो. त्यानंतर मोठ्या आचेवर होणारी प्रत्येक शिट्टी म्हणजे वाफेच्या रूपाने बाहेर गेलेला गॅस. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करून घड्याळ पाहावे आणि गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी. नळाखाली कुकर धरून वाफ घालवण्याची घाई करणाऱ्याला ती उरलेली दहा मिनिटे फुकट मिळत असतात, तीही तो सोडून देतो.

कुकर नसेल तर पातेल्यातला भात पाऊण शिजल्यावर घट्ट झाकण ठेवून, आच बंद करून ते पातेले जुन्या घोंगडीत किंवा दुलईत नीट गुंडाळावे. अर्ध्या-पाऊण तासात भात आपोआप फुलतो. राजम्याला मात्र ही युक्ती वापरू नये. राजमा किमान दहा मिनिटे खळखळून उकळला गेला नाही, तर पोट बिघडते.

सिलिंडर किती दिवस गेला हे अंदाजाने सांगू नये. नवा जोडला की त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर खूण करावी. १४.२ किलोंचा सिलिंडर आपल्या घरात ३२ दिवस जातो की ४१, हे कळल्याशिवाय कोणती युक्ती लागू पडली हे कळणारच नाही.

साल, देठ आणि खोड

आपल्याकडे दोडक्याच्या शिरांची चटणी करतात. बंगाली स्वयंपाकघराने ही एकच गोष्ट शास्त्रासारखी पुढे नेली. दुधीची साल, बटाट्याची साल, पडवळाच्या जातीच्या परवराची साल, कच्च्या केळ्याची साल, फ्लॉवरचे देठ आणि पाने, भोपळ्याचा वेल आणि फुले, केळफूल, केळीच्या खोडाचा गाभा, यातले काहीच टाकत नाहीत. फ्लॉवरचे जाड देठ, पालकाच्या काड्या, चार फोडी वांगे, चार फोडी भोपळा आणि मुळा यांची एकत्र ‘चच्चडी’ होते. त्यात माशाचे डोके पडले की तिला ‘छ्यांचडा’ म्हणतात. मासळीवाल्याकडून येणारे रोहूच्या पोटातले तेलही तळून भाताबरोबर खातात.

दुधीच्या सालींची भाजी करून पाहा. कोवळ्या दुधीची साल थोडी जाडसर काढावी, धुऊन काड्यांसारखी बारीक चिरावी. चमचाभर तेलात पाव चमचा कलौंजी आणि दोन हिरव्या मिरच्या टाकाव्यात. साली, मीठ आणि चिमूटभर साखर घालून बारीक आचेवर झाकण ठेवावे. मऊ झाल्या की झाकण काढून कुरकुरीत परतावे. बंगाली बायका शेवटी खसखस भुरभुरतात. खसखशीचा भाव पाहता आपण तीळ वापरावेत. कच्च्या केळ्याची साल उकडून, लसूण-मिरचीबरोबर वाटून, तेलात परतली की भाकरीबरोबर खाण्यासारखी चटणी होते. पाहुण्यांना ती कशाची आहे हे आधी सांगू नये!

काळजी दोनच गोष्टींची घ्यावी. साली वापरायच्या तर भाजी मिठाच्या पाण्यात ठेवून चोळून धुवायला हवी आणि हिरवट पडलेल्या किंवा कोंब फुटलेल्या बटाट्याची साल खाऊ नये. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा. कडू लागला तर साल काय, पूर्ण दुधीच फेकून द्यावा. तो विषारी असू शकतो आणि तिथे काटकसर नको.

या चवीमागची माणसे

या साली-देठांच्या पाककलेचे कौतुक करताना ती कोणी घडवली, हे विसरता येत नाही. तिच्यातला मोठा वाटा बंगालमधल्या विधवांचा आहे. उच्चवर्णीय हिंदू घरातल्या विधवेला मासे, मटण, कांदा, लसूण, एवढेच काय, मसूर डाळसुद्धा वर्ज्य होती. एकादशीला पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांनी १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण ताटातली बंदी त्यानंतर शंभर वर्षे आणि अधिकही टिकली. ज्यांच्यासाठी घरात वेगळे काही आणले जात नसे, त्यांनी टाकाऊ ठरलेल्या देठा-सालींतून चव निर्माण केली. आपल्याकडच्या आलवणातल्या आज्यांच्या चटण्या आणि भाज्यांची कथा याहून फार वेगळी नाही.

आणि पेजेची गोष्ट तर त्याहून कठीण. १९४३ च्या दुष्काळात खेड्यांतून कोलकात्यात आलेली माणसे दारोदार भात मागत नव्हती. भात मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. ती ‘फॅन दाओ’, म्हणजे भाताची पेज तरी द्या, म्हणून आर्जव करीत. त्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे गेली, असा अंदाज सर्वसाधारणपणे दिला जातो. १९४४ साली शहरात रेशन सुरू झाले.

म्हणूनच या शहराला वरून आलेला काटकसरीचा उपदेश मानवत नाही. प्रफुल्लचंद्र सेन मुख्यमंत्री असताना, १९६५ मध्ये, दूध वाचवण्यासाठी छेन्याच्या मिठाईवर बंदी आली. पाठोपाठ तांदळाची टंचाई वाढली, तेव्हा त्यांनी लोकांना कच्ची केळी खाण्याचा सल्ला दिला. कच्ची केळी बंगाली माणूस एरवी आवडीने खातो, पण या सल्ल्याची रस्तोरस्ती टिंगल झाली. १९६६ साली अन्नासाठी मोठे आंदोलन पेटले आणि १९६७ च्या निवडणुकीत सेन पराभूत झाले. भाजी तीच, साल तीच. स्वतःहून खाल्ली तर चव, दुसऱ्याने लादली तर अपमान. घरातल्या सासूने सुनेला किंवा नवऱ्याने बायकोला काटकसर शिकवतानाही हे लक्षात ठेवावे.

स्वस्ताईचे एक गुपित

कोलकाता हे देशातल्या मोठ्या शहरांपैकी खाण्यापिण्याला स्वस्त शहर मानले जाते. त्याचे एक कारण शहराच्या पूर्वेला आहे. तिथे सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ जमीन पसरलेली आहे. शहराचे सांडपाणी कालव्यांतून तिथल्या उथळ तळ्यांत जाते. या तळ्यांना ‘भेरी’ म्हणतात. ऊन, शेवाळ आणि जिवाणू ते पाणी साफ करतात आणि त्यावर मासे पोसले जातात. शेजारच्या धापा भागात शहराच्या जुन्या कचऱ्यावर भाजीपाला पिकतो. मासे आणि भाजी पहाटे काही किलोमीटर अंतरावरच्या बाजारात पोहोचतात. वाहतुकीचा आणि शीतगृहाचा खर्च वाचतो. या व्यवस्थेचे मोल जगाला पटवून दिले ते अभियंते ध्रुबज्योती घोष यांनी. २००२ साली या भागाला रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. बांधकामांचे आक्रमण मात्र तिथे होतच असते आणि तळे बुजले की त्याचा भार शेवटी घरखर्चाच्या वहीवरच पडणार.

बाजारातली आणखी एक पद्धत आपण घ्यावी अशी आहे. गरियाहाट किंवा मानिकतला बाजारात भोपळ्याची एक फाक, शंभर ग्रॅम चिंगडी, रोहूचे मोजून चार तुकडे मागायला कोणी लाजत नाही आणि विक्रेताही तोंड वाकडे करत नाही. ‘बौदी, आर की देबो?’ म्हणून आपुलकीने विचारतो. फ्रिज आल्यापासून आपण आठवड्याची भाजी एकदम आणतो आणि शनिवारी त्यातली जुडी-दोन जुडी कुजलेली काढून टाकतो. कोथिंबीर, पालेभाजी आणि मासळी ही एक-दोन दिवसांचीच आणावी. कांदे-बटाटे मात्र घाऊक. स्वस्तात मिळते म्हणून आणलेली आणि न खाल्लेली भाजी सर्वांत महाग पडते.

आच न पेटवता

उरलेल्या भाताला आपण फोडणी देतो. बंगालमध्ये रात्री त्यात पाणी घालून ठेवतात आणि सकाळी किंचित आंबलेला तो ‘पांता भात’ मीठ, कांदा, हिरवी मिरची आणि असलीच तर तळलेल्या माशाबरोबर खातात. कडक उन्हाळ्यात पोटाला थंड आणि न्याहारीला गॅस शून्य. गरिबांचे हे खाणे २०२१ साली मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या अंतिम फेरीत किश्वर चौधरी या बांगलादेशी कुळातल्या स्पर्धक बाईंनी परीक्षकांपुढे ठेवले. करायचे असेल तर भात रात्रभर ओट्यावर उघडा ठेवून मग पाणी घालू नये. निवताच उकळून गार केलेले पाणी घालून झाकावा आणि सकाळीच संपवावा. बुळबुळीत झाला किंवा घाण वास आला तर टाकून द्यावा. लहान बाळांना आणि आजाऱ्यांना तो देऊ नये.

वर्षातून एकदा तर चुलीला सुट्टीच असते. भाद्रपद संक्रांतीला, म्हणजे बहुधा १७ सप्टेंबरच्या सुमारास, ‘अरंधन’ पाळतात. आदल्या रात्री केलेलेच खायचे, चूल पेटवायची नाही, तिची पूजा करायची. आपल्या शिळासप्तमीसारखेच हे. १६ ऑक्टोबर १९०५ रोजी बंगालची फाळणी अमलात आली, तेव्हा निषेध म्हणून घरोघर अरंधन पाळण्याची कल्पना रामेंद्रसुंदर त्रिवेदी यांनी मांडली होती. रोज राबणाऱ्या बाईला पंधरा दिवसांतून एका संध्याकाळी असे अरंधन द्यायला काय हरकत आहे? दडपे पोहे, काकडीची कोशिंबीर, ताक, भिजवलेली मोड आलेली मटकी. गॅसही वाचतो आणि तिचे गुडघेही.

पंखा आणि मीटर

कोलकात्याच्या दमट हवेत वर्षातले आठ-नऊ महिने पंखा फिरतच असतो. तो बंद ठेवून बचत करा, असे सांगणे म्हणजे पुन्हा कच्च्या केळ्याचाच सल्ला. पंखा बदलावा. जुना साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास वीज घेतो, नव्या बीएलडीसी पंख्याला साधारण ३० वॅट पुरतात. दिवसाला १६ तास धरले तर जुन्याला १.२ युनिट, नव्याला अर्ध्या युनिटाहूनही कमी. एका पंख्यामागे महिन्याला २१-२२ युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलण्याची ऐपत नसेल, तर जो सर्वांत जास्त वेळ फिरतो तो आधी बदलावा. तो कोणता, हे बाहेरच्या खोलीची शोभा पाहून ठरवू नये. बहुतेक घरांत तो झोपण्याच्या खोलीतला असतो.

तिथल्या वीज कंपनीचे दर आपल्याकडच्यासारखेच टप्प्याटप्प्याने चढतात. वापर वाढला की वरचे युनिट महाग दराने मोजले जातात. म्हणजे वाचलेले वीस युनिट हे सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातले असतात. बिलाच्या कागदावर आपला शेवटचा टप्पा कोणता आहे ते पाहावे आणि त्या दराने बचतीचा हिशोब करावा. एसी असेल तर तो २४ अंशांच्या खाली नेऊ नये. प्रत्येक अंश वर ठेवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी सांगते. फ्रिजच्या दाराचे रबर पावसाळ्यात बुरशीने कडक होते आणि थंडावा बाहेर जात राहतो. दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावावे. चिठ्ठी सहज ओढता आली, तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसावे, तरीही सैल राहिले तर बदलावे.

मीटरचा आकडा दर महिन्याच्या एकाच तारखेला स्वतः लिहून ठेवावा आणि तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. एप्रिलचा आकडा फेब्रुवारीशी ताडून पाहिला, तर कोणत्याही घरात उगीच भांडण होईल. आणि वहीत इंधन, वीज व किराणा यांच्या शेजारी आणखी एक रकाना आखावा: या आठवड्यात घरातल्या बाईने दूध, अंडे, डाळ किंवा मासा किती वेळा खाल्ला. तो रकाना तिने स्वतः न भरता घरातल्या दुसऱ्या कोणी भरावा.